चौदसचं पान

१

केळीचं पान कर्दळीच्या गोल वाफ्याच्या कडेला मांडलेलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर खडे ठेवून. भात, भातावर तूप, उडदाचे वडे, खीर, पुरण, अळूची भाजी. पितृपक्षात असं पान कुणाच्या गच्चीवर दिसलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. पण हे पान कोपरीच्या सार्वजनिक बागेत होतं, तेही दुपारी, बाग बंद असताना. झाडूवाल्या मनुबाईनं ते पाहिलं आणि खराटा तिथंच टाकून ती लगबगीनं समोरच्या चाळीत मीराबाईंच्या दारात आली.

"शिस्टरबाय, चला. लगेच चला."

मीराबाईंनी रंगाच्या कारखान्याच्या दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढलेली. कारखाना जाऊन त्याची बाग झाली तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि मनुबाईमागोमाग फाटकातून आत गेल्या. त्या साली सुरतेच्या प्लेगची धास्ती होती, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत. बाग उघडी असे तेव्हाही फारसं कुणी येत नसे, आता तर चिटपाखरू नव्हतं.

"आमच्याकडे पान-बिन घालत नाहीत, मनुबाई. आम्ही सोडलं ते सगळं," मीराबाई म्हणाल्या. "यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"बाजूला बगा. भाताच्या डाव्या अंगाला."

तिथं मूठभर सुका जवळा होता आणि त्यावर गुळाचा खडा.

"कोना मेल्यानं कच्चाच टाकलाय," मनुबाई म्हणाली. "निवडला पन नाय."

मीराबाई खाली वाकल्या. सुक्या जवळ्याबरोबर गूळ खाणारा एकच माणूस त्यांनी जन्मात पाहिला होता. सारा कारखाना त्याची टिंगल करायचा. तो हसून आणखी एक घास घ्यायचा. मनुबाईचा नवरा, धाकू.

धाकू बारा वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. मेला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मनुबाईनं कपाळावरच्या कुंकवाला हात लावला. "माज्या जित्या मानसाचं पान कोनी वाढलं?"

२

ज्यांनी तो कारखाना पाहिलाय त्यांना आठवेल, भोंगा झाला की घराघरात भात चढायचा. कारखान्याच्या गटारातून एक दिवस निळं, एक दिवस गुलाबी पाणी खाडीला जायचं, आणि उद्या कुठला रंग येणार यावर पोरं पैजा लावायची. कामगारांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. दिवाळीला साबणाची अख्खी वडी संपवली तरी नखांतला रंग जायचा नाही. पुढं मालकांनी कारखाना बंद करायचा ठरवला, आणि बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात कापडावर नक्षी छापायचे तांब्याचे रोलर चोरीला गेले. त्याच रात्री पहारेकरी धाकूही गेला. त्याची होडी दोन दिवसांनी कल्याणच्या खाडीत रिकामी सापडली. त्यानंतर तपास असा कुणी केलाच नाही. कोळी माणूस, घरची होडी, पहाऱ्याच्या किल्ल्या हातात. चोर ठरायला आणखी काय लागतं?

मनुबाईनं मासळीची पाटी घेऊन मुलीला वाढवलं. चोराची मुलगी म्हणून दोन ठिकाणची सोयरीक मोडली, तिसरीकडे ती दूर पालघरला दिली. गुडघे गेले तसं डोक्यावर पाटी घेणं सुटलं, आणि याच वर्षी उन्हाळ्यात तिला बागेत झाडायचं काम मिळालं होतं.

"उद्या माजा दीर पुतला जालनार हाय," ती फाटकाच्या पायरीवर बसून म्हणाली. "बारा वरसं झाली ना. दर्भाचा पुतला करायचा, त्याला धाकू म्हनायचं, जालायचा, आनि माज्या बांगड्या फोडायच्या. मी सांगितलं, नाय."

"मनुबाई, बारा वर्षं म्हणजे..."

"तुमाला म्हनून सांगते. लोक देवाकडं काय काय मागतात. मी एकवीरा आईकडं बारा वरसं एकच मागते, माजा दादला चोर असू दे. चोर असला तर पलाला असल. पलाला असला तर कुटंतरी जेवत असल." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, फक्त हातात घट्ट पिळला. "आनि हितं कोनी पान वाडून गेला. त्याला काय ठावं हाय जे मना ठावं नाय? उद्या दुपारच्या आत सांगा, शिस्टरबाय. दुपारनंतर मी बांगड्या कशा राखू?"

पोलिसांत जाऊन खिरीचं पान दाखवलं तर ते हसतील, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मीराबाई उठल्या. "पान काढू नकोस. कावळ्यांना राख."

३

बाग सकाळी दहाला बंद होई ती चारला उघडे. पान ताजं होतं, तुपाला मुंगीही लागली नव्हती. मधल्या वेळात आत येऊ शकणारी माणसं थोडीच. माळी सहदेवकडे फाटकाची किल्ली होती. बागेतलं खानावळीवजा हॉटेल गोविंदशेठचं, त्याचं मागचं दार रस्त्यावर उघडे. आणि खाडीच्या बाजूची भिंत बुटकी, होडीनं आलेला कुणीही कोळी ती ओलांडू शकत होता. मनुबाईचा दीर नाथा, उदाहरणार्थ.

सहदेव आंबिवलीहून यायचा. पूर्वी बॉयलरवर हमाली करत होता. तो झाडाखाली डबा उघडून बसला होता, भाकरी आणि खमंग भाजलेल्या जवळ्याची चटणी.

"सिस्टर, पान मी नाय ठेवलं. मी त्या वाफ्यापाशी चपला घालून जात पन नाय."

"का?"

त्यानं घास खाली ठेवला. "तिथं दर पावसाळ्यात जमीन खचते. मी माती टाकतो, पुन्हा खचते. अमावास्येला हळदकुंकू वाहतो मी तिथं. तुम्ही हसाल."

"हसत नाही. पण कशाला वाहतोस?"

"सोडा ना सिस्टर. जेवू द्या." त्यानं डब्याचं झाकण लावलं. भाकरी अर्धीच खाल्लेली होती.

नाथा कोळीवाड्यात होडीला डांबर लावत होता. पानाचं ऐकून त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"मी कशाला बागेत पान ठेवीन? माजं पान उद्या सर्वपित्रीला, घरच्या कौलावर. आनि आदी पुतला जलंल, मग पान."

"तुला एवढी घाई का रे पुतळ्याची? वहिनी नको म्हणते."

"घाई?" नाथा त्यांच्याकडं वळला. "लोक मना चोराचा भाऊ म्हनतात, ते सोडा. पन मी झोपलो की तो खाडीत उभा दिसतो. गल्याएवढ्या पान्यात. मेला असल तर त्याला वाट मिलूं दे, जिता असल तर मना शाप देऊं दे. कायतरी एक होऊं दे, बाय. वहिनीला काय वाटतं, मी तिचं कुंकू पुसायला बसलोय?"

तो रडत नव्हता, पण ब्रशाचे फटके होडीवर वाटेल तसे पडत होते.

परत येताना मीराबाई गोविंदशेठच्या हॉटेलात टेकल्या. हा माणूस कारखान्यात स्टोअरकीपर होता, आता त्याच्या बटाटेवड्यासाठी ठाण्याहून लोक येत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मालाचा हिशेब चोख आणि तोंडात गोडवा, म्हणून कारखान्यातही सगळ्यांना हवाहवासा.

"सिस्टर, या या. दशमीला तुम्ही फेरी मारून गेलात म्हणे, दुकान बंद होतं. वडिलांचं श्राद्ध. पोऱ्यानं सांगितलं ना तुम्हाला?" त्यानं बशी पुढं केली. "घरून पुरणपोळी आलीय, गरम आहे. आमच्या हिच्या हातची."

पोळी मऊसूत होती. मीराबाईंनी खाल्ली आणि पानाचं सांगितलं.

"शिव शिव," गोविंदशेठ म्हणाला. "नाथाचंच काम. उद्या विधी आहे ना, वहिनीचं मन वळवायला केलं असेल. बिचारी. धाकू माझा मित्र होता हो, पण तांब्यानं माणसाची बुद्धी फिरते. सुखी असो जिथं असेल तिथं."

बोलणं सरळ होतं, पोळी सुरेख होती.

४

संध्याकाळी बाग उघडल्यावर त्या वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. इथं पूर्वी काय होतं?

जिथं आयुष्य गेलं ती जागा ओळखू येऊ नये यासारखं दुसरं परकेपण नाही. छपाईची शेड गेली, तिथं घसरगुंडी. रंगाचे हौद गेले, एका हौदात कमळं. सगळं पाडलं, उरलं एकच, विटांचं धुराडं, शोभेसाठी राखलेलं. मीराबाईंनी त्याच्याकडं पाठ केली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलं की धुराडं असं पाठीशी यायचं. समोर गटाराची रेघ. आणि उजव्या हाताला, छपाई शेडच्या मागं...

विहीर.

त्या विहिरीच्या कठड्यावर बसून धाकू जवळा आणि गूळ खायचा. मीराबाई व्हरांड्यातून ओरडायच्या, "पोट बिघडलं तर माझ्याकडं येऊ नकोस." कारखाना बंद झाला तेव्हा पोरंसोरं पडतील म्हणून विहीर बुजवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. कधी, कुणी, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पान बरोबर तिच्यावर होतं.

कोपरीच्या बाजारात सुकी मासळी विकणारी शेवंती धाकूच्या नात्यातली. मीराबाई तिच्याकडं गेल्या.

"उद्याच्या सर्वपित्रीचं पान कुणी आजच घालतं का गं?"

"आज?" शेवंतीनं बोंबलांवरची माशी हाकलली. "आज चौदस हाय, बाय. चौदसला घरच्या पितरांचं पान नाय वाडत कोनी. ज्याची तिथी ठावं नाय त्याचं अमावास्येला. आजचा दिवस येगला. आजचा घातचौदसचा. बुडून मेला, गाडीखाली मेला, कोनी मारला, त्यांचं पान आज."

मीराबाई घराकडं चालू लागल्या.

म्हणजे पान ठेवणाऱ्याला धाकू मेल्याचं ठाऊक होतं. कुठं मेला तेही ठाऊक होतं. आणि कसा मेला तेही.

५

रात्रभर त्या विचार करत राहिल्या नाहीत. दिवसभर पायपीट झाली की झोप लागते. पण पहाटे चहाचं आधण ठेवताना त्यांना मनुबाईचं वाक्य आठवलं आणि त्यांनी स्टो बंद केला.

कोना मेल्यानं कच्चाच टाकलाय.

त्या खुर्चीवर बसल्या आणि एकेकाला डोळ्यांपुढं आणलं. पानावरचा स्वयंपाक निगुतीचा होता. वडे फुगलेले, पुरण बारीक वाटलेलं. ज्या घरानं एवढं केलं त्या घरानं जवळा मात्र पिशवीतून काढून तसाच ठेवला. का? नाथाच्या घरात पोर बोलायला लागायच्या आधी जवळा निवडून, धुऊन भाजायला शिकतं. मेलेल्या भावाला नाथा कच्चा जवळा वाढेल, हे म्हणजे भटजीनं सोवळ्यात चप्पल घालण्यासारखं. सहदेवाच्या डब्यातली चटणी त्यांनी स्वतः पाहिली होती, तव्यावर कुरकुरीत भाजलेली. या दोघांच्या हातून चूक होईल, पण ही होणार नाही.

ही चूक ज्याच्या चुलीवर मासळी कधी चढलीच नाही त्याचीच. त्याला घरात सांगताही येणार नाही, बाई, हे जरा भाजून दे.

आणि काल चौदस असताना गोविंदशेठच्या घरी पुरण कुणासाठी घातलं होतं? त्याच्या वडिलांचं श्राद्ध तर दशमीला झालं होतं.

त्या सरळ बाजारात गेल्या. शेवंती पाट्या मांडत होती.

"शेवंती, गोविंदशेठ तुझ्याकडून कधी जवळा नेतो का गं?"

शेवंती हसली. "माळवाला ना? नेतो की. वरसातनं एकदा, पितराच्या दिसांत. मूठभर. म्हनतो, मांजरीला. मी म्हनते, शेठ, तुमची मांजर बरी, वरसभर माळ घालते."

६

नाथाच्या अंगणात दर्भ आणून ठेवला होता. मनुबाई उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हात पदराखाली, बांगड्यांना कुणी हात लावेल म्हणून. मीराबाईंनी तिला आणि नाथाला उठवलं, वाटेत सहदेवला घेतलं आणि सगळी हॉटेलात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मीराबाई बसल्या नाहीत. जसं सुचलं होतं तसं सगळं सांगितलं, विहीर, चौदस, पुरण, मांजर.

गोविंदशेठनं फडक्यानं टेबल पुसलं. "सिस्टर, वयामुळं होतं असं. शेवंतीची बडबड आणि माझी पोळी, यावरनं तुम्ही मला फासावर चढवणार?"

"विहीर बुजवायला कुणी सांगितलं?" मीराबाईंनी सहदेवकडं पाहिलं.

सहदेव जमिनीकडं बघत म्हणाला, "ह्यांनीच. रोलर गेल्याची बोंब झाली त्याच दिवशी सकाळी. म्हणाले, कुत्रं मेलंय आत, वास सुटेल, आजच्या आज भर. सिस्टर, पाण्यानं भरलेली विहीर बुजवणं पाप. म्हणून मी हळदकुंकू वाहत होतो. मला वाटलं पाप तेवढंच."

"हुकूम ऑफिसचा होता," गोविंदशेठ म्हणाला. "आणि कुत्रं होतंच. बारा वर्षांनी कोण काय सिद्ध करणार?"

नाथा पुढं झाला तशी मनुबाईनं त्याचा दंड धरला. ती गोविंदशेठच्या अगदी जवळ गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच सगळ्यांना भीती वाटली.

"दर वरसाला घालतोस?"

त्यानं पुन्हा टेबल पुसायला घेतलं.

"तरी तो यायचा थांबत नाय ना? नाथाला पन दिसतो. तुला पन दिसत असल." ती एखाद्या सुनेला समजवावं तशी बोलत होती. "कसा थांबल? उपाशी हाय तो. जवला आदी निवडायचा. वाळू असते त्यात. मग पान्यातनं काडायचा, नि कोरड्या तव्यावर भाजायचा, वास सुटंपावतर. तेवा त्याच्यावर गूल. कच्चा जवला तो तोंडात घालत नवता. त्याला दर वरसाला तू कच्चाच वाडलास."

गोविंदशेठच्या हातातलं फडकं थांबलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"भाजायचा असतो?"

नाथा दारात जाऊन उभा राहिला.

"मला कोण सांगणार होतं," तो म्हणाला, आणि खाली बसला. "सुनेचं मूल जगत नाही. एका जाणत्या भगतानं सांगितलं, कुणाचा तरी जीव अडकलाय, जिथं गेला तिथं त्याच्या आवडीचं घाल. मी दर साल घातलं, बाग उघडायच्या आत उचलत गेलो. घरात सांगितलं, मामा गाडीखाली गेले त्यांचं आहे. सगळं घातलं. तरी तो विहिरीतून वर बघतो." त्यानं माळ मुठीत धरली. "मारायचं नव्हतं मला. रोलर मागच्या दारानं खाडीवर चालले होते, तो आडवा आला. म्हणाला, सकाळी साहेबांना सांगेन. मी ढकललं. कठडा बुटका होता. खालून हाक मारत होता तो... मी त्याच्या होडीचा दोर सोडून दिला, ओहोटीवर की भरतीवर तेही आठवत नाही."

"काय हाक मारत व्हता?" मनुबाईनं विचारलं.

"तुझं नाव घेत होता."

मनुबाईनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं.

पोलीस आले, कर्दळी उपटल्या, माणसं उतरली. प्लेगची भीती विसरून सगळं कोपरी भिंतीवर चढून पाहत होतं. ऊन उतरता उतरता वर आला तो आधी किल्ल्यांचा जुडगा, मग पितळी बिल्ला. बिल्ल्यावरचा नंबर मीराबाईंनी हजारदा औषधाच्या चिठ्ठीवर लिहिला होता. मग बाकीचं, चादरीत.

लोक म्हणायला लागले, बघा, धाकू प्रामाणिक होता. बारा वर्षं उगाच चोर म्हटलं. नाथाला कुणी मिठी मारली, कुणी मनुबाईच्या पाया पडायला आलं. तिनं कुणाकडंच पाहिलं नाही. ती खड्ड्याच्या कडेला बसली. विहिरीच्या कठड्याचा एक दगड उघडा पडला होता, तिनं त्याच्यावर स्वतःच मनगटं आपटली. हिरव्या काचा मातीत सांडल्या. मीराबाई शेजारी बसल्या. दवाखान्यात कितीतरी जणींना धरून बसल्या होत्या त्या, पण आज हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"ऐकलंस काय," मनुबाई खड्ड्याला म्हणाली, "सगली म्हनतात तू चोर नाय." तिनं मातीतली एक काच उचलली. "चोर असतास तर काय बिगडलं असतं रे?"

मग तिनं पदर खोचला आणि उठली. दिवस मावळायच्या आत तिला घरी जाऊन तवा तापवायचा होता.